नाव उतरले म्हणून गाणे उतरते का?



14 एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंती मंडळाच्या बैठका भरू लागतात. वर्गणी किती, मंडप कोणाचा, मिरवणूक कोणत्या रस्त्याने, हे प्रश्न कसेबसे सुटतात. आडगावची बैठक मात्र एका मुद्द्यावर हटकून अडते. गायन पार्टी कोणाची आणायची? आज जे नाव गाजते आहे त्याची बिदागी ऐकली की खजिनदार वही मिटतो. मग एखादा जाणता माणूस सुचवतो, "अमक्यांना आणू. एके काळी घरोघर त्यांची कॅसेट होती. आता फारसे कोणी बोलावत नाही, आपल्या ऐपतीत बसतील." त्यावर पोरांपैकी कोणीतरी उसळून म्हणतो, "आता त्यांच्यात काय राहिलंय? आवाज गेला. शहराला नको झालेलं तेवढंच आपल्या वाट्याला का?"

पोराचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या उरलेसुरले वाढले गेले. उष्ट्यावर जगण्याचे दिवस आपल्या आजी-आजोबांनी पाहिले आहेत. म्हणून "उरलेले" या शब्दाची चीड आपल्या रक्तात आहे आणि ती असायलाच हवी. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर "जाऊ द्या, जुने ते सोने" असे म्हणून टाळता येणार नाही. नाव उतरलेली पार्टी आडगावात येते तेव्हा ती ऐकायला जावे का, तिच्यावर वर्गणीचा पैसा घालावा का, याचा नीट विचार केला पाहिजे.

नाव उतरते कसे?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गायकाचे नाव का उतरते? आपण समजतो की आवाज गेला म्हणून उतरते. पुष्कळदा तसे नसते.

1980 नंतर स्वस्त कॅसेट आली आणि भीमगीते खेडोपाडी पोहोचली. त्याआधी गाणे ऐकायचे तर गायक समोर यावा लागे. कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज ज्या गावात ते कधीच गेले नसतील त्या गावातही रोज पहाटे वाजू लागला. त्या लाटेवर कितीतरी गायक, कव्वाल आणि गायिका मोठ्या झाल्या. पण बहुतेकांना कॅसेटचे पैसे एकदाच मिळाले. रेकॉर्डिंगच्या दिवशी हातावर ठेवलेली रक्कम, तेवढीच. नंतर ती कॅसेट कितीही खपो, गाणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या घरी काही येत नसे. 2012 मध्ये कॉपीराइटचा कायदा दुरुस्त झाला आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कोणालाही लिहून घेता येऊ नये अशी तरतूद झाली. पण तोवर कॅसेटचा धंदाच बसला होता. दुकाने गेली, मग सीडी आली, तीही गेली. गाणे मोबाइलमध्ये शिरले. दुकानाच्या पाटीवर ज्यांची चित्रे झळकत होती त्यांचे नाव दुकानाबरोबरच उतरले. गळा होता तिथेच होता.

दुसरे कारण रात्रीचे. पूर्वी गायन पार्टीचा कार्यक्रम रात्री दहाला सुरू होई आणि तांबडे फुटेपर्यंत चाले. दोन पार्ट्यांचा सामना असला तर सवाल-जवाबाला रंग चढायलाच मध्यरात्र व्हायची. 2000 मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले फार तर 15 दिवस सरकार ही वेळ रात्री 12 पर्यंत वाढवू शकते. नियम चांगला आहे, आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना त्याची गरज आहे. पण ज्यांची सगळी कला रात्रभराच्या बैठकीवर पोसलेली होती, त्यांना दोन-तीन तासांत आटोपते घेणे जड गेले. सामन्यांचे कार्यक्रम कमी झाले. सामन्यात ज्याचे तेज दिसायचे, असे कितीतरी हजरजबाबी शाहीर त्याबरोबर मागे पडले.

तिसरे कारण आपल्या तारखांचे आहे. 14 एप्रिलला एकच गायक शंभर ठिकाणी हवा असतो. साहजिकच तो शहरात, मोठ्या मैदानावर जातो. आडगावची जयंती म्हणून एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात सरकते. मुंबई-पुण्याला कामाला गेलेली मंडळी तेव्हा गावी आलेली असतात, गायकाच्या तारखा मोकळ्या असतात आणि बिदागीही जरा खाली येते. म्हणजे आपल्याकडे कोण येणार हे गळ्यावर कमी आणि पंचांग, पैसा नि रस्ता यांवर जास्त ठरते.

एवढे समजले की "उतरलेला" हा शब्द जपून वापरावासा वाटतो. बाजारातले नाव उतरते, ते बाजाराच्या कारणांनी.

गावाला येणे ही उतरण नव्हे

आता पोराच्या प्रश्नाचा दुसरा भाग. शहराने टाकले म्हणून ते आपल्याकडे आले, असे म्हणताना आपण नकळत एक गोष्ट गृहीत धरतो. शहर वर, गाव खाली, आणि गावातली आपली वस्ती त्याहून खाली. गायक शहराकडून आपल्याकडे येतो म्हणजे खाली येतो. ही उतरंड आपण का मानावी?

आपल्या गाण्याचा इतिहास तर उलटा आहे. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच्या विचारातून पुढे सत्यशोधकी जलसे निघाले, ते खेड्यांसाठी. त्यांच्यामागून 1930 नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती यांनी ढोलकी, डफ, पेटी घेऊन गावे पालथी घातली. मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, हा निरोप अक्षर न येणाऱ्या माणसापर्यंत न्यायचा होता. तो वर्तमानपत्राने पोहोचणार नव्हता. गावकुसाबाहेरची वस्ती हाच त्यांचा रंगमंच होता. शहरात जम बसला नाही म्हणून ते गावात गेले नव्हते. गावासाठीच ते निघाले होते.

वामनदादा कर्डक घ्या. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. लहानपणी शाळा नाही, मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झाली आणि पुढे हजारो गीते लिहिली. दादांचे आयुष्य या गावाहून त्या गावाला जाण्यात गेले. वय झाले, शरीर थकले, तरी खांद्यावर झोळी घेऊन ते लहान लहान गावांत जात राहिले. 15 मे 2004 रोजी ते गेले. म्हातारपणीच्या त्या फेऱ्यांना कोणी दादांची उतरती कळा म्हणेल काय? ज्या गावांनी त्यांना सत्तरीच्या पुढे ऐकले ती गावे आजही सांगतात की दादा आमच्याकडे गाऊन गेले. आवाज तेव्हा कसा होता, हे त्यात कोणी सांगत नाही.

विठ्ठल उमप यांचेही तसेच. 1931 चा जन्म. नोव्हेंबर 2010 मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात, मंचावरच, त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय 79 होते. ज्या वयात माणूस ओसरीवर बसून नातवंडे राखतो, त्या वयात हा माणूस नागपूरच्या मंचावर उभा होता.

यावरून एवढेच लक्षात घ्यावे की आपल्या परंपरेत गायकाचे निवृत्तीचे वय ठरलेले नाही आणि गावाची वाट ही खालची वाट नाही.

आवाज गेला म्हणजे नेमके काय गेले?

आता मुख्य आक्षेप. आवाज राहिला नाही. हा आक्षेप खराही असतो, म्हणून त्याला खरे उत्तर दिले पाहिजे.

वय वाढले की दम कमी होतो. वरच्या पट्टीतला सूर पूर्वीसारखा टिकत नाही. म्हणून जाणता गायक पट्टी खाली आणतो. तरुणपणी जे गाणे तो वरच्या पट्टीत ओढून गायचा तेच आता दोन-तीन स्वर खालून गातो. लांब तान टाळतो, ती जागा कोरसला देतो. आपल्या कानात मात्र तीस वर्षांपूर्वीची कॅसेट बसलेली असते. गाणे सुरू झाले की आपण पहिल्याच ओळीला म्हणतो, "गेला आवाज." पण जरा थांबून ऐकावे. तान गेली तिथे शब्द मोकळा झालेला असतो. एकेक अक्षर कानावर स्पष्ट पडते. कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणता शब्द दोनदा म्हणायचा, समोर म्हाताऱ्या बाया बसल्या असतील तर कोणते कडवे घ्यायचे, हे चाळीस वर्षे बाकावर बसून आलेले शहाणपण असते. ते विशीतल्या गळ्यात नसते आणि रेकॉर्डिंगमध्येही उतरत नाही.

कोणी म्हणेल, मोबाइलवर सगळे फुकट मिळते, मग वर्गणी कशाला? फुकट मिळते हे खरे, पण सगळे मिळत नाही. आपल्या कवींची एक रीत होती. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफत. वामनदादांच्या गीतांत ही नाममुद्रा असते. मोबाइलवर मात्र गाणे पुष्कळदा तोडून येते. एक मुखडा, एक अंतरा, की झाले. लोकांना गायक माहीत होतो, लिहिणारा कवी पुसला जातो. जुना गायक पूर्ण गाणे गातो, कवीचे नाव घेऊन गातो. हे गाणे कोणी लिहिले, कोणत्या प्रसंगावर लिहिले, पहिल्यांदा कुठे म्हटले, हे त्याला ठाऊक असते. असे कितीतरी कवी आहेत ज्यांचे पुस्तक कधी निघाले नाही. त्यांची गीते आज फक्त या म्हाताऱ्या गायकांच्या फाटक्या वहीत आणि ओठांवर आहेत. तो गायक गेला की वहीही रद्दीत जाते.

आणि जवळिकीची गोष्ट वेगळीच. 6 डिसेंबरला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मोठ्या मैदानावर आपण गायकाला ऐकतो ते भोंग्यातून. तो मुंगीएवढा दिसतो. आडगावच्या मंडपात तो दहा हातांवर असतो. पेटीचा भाता कसा चालतो, ढोलकीला शाई कुठे असते, ठेका कसा बदलतो, हे पोरे डोळ्यांनी पाहतात. घरचे काम आणि लहान मूल यांमुळे ज्या मायबहिणींना शहरातल्या कार्यक्रमाला जाता येत नाही, त्या सतरंजीवर पुढे बसून ऐकतात. मिरवणुकीत नाचायला त्यांना जागा नसते, गाण्याच्या मंडपात असते. ही गोष्ट लहान नाही.

पण डोळे मिटून नव्हे

इतके म्हटले म्हणून जो येईल त्याला डोक्यावर घ्यावे, असे मात्र मुळीच नाही. आडगावाला गृहीत धरणारे लोकही आहेत. खेड्यातल्या लोकांना काय कळते, असे मनात धरून काही जण येतात. मोठ्या नावाची पत्रिका छापायची आणि प्रत्यक्षात त्या नावाचा "ग्रुप" पाठवायचा, ज्यात मूळ गायकच नसतो. पेटी-ढोलकी न आणता नुसता ट्रॅक लावायचा आणि त्यावर ओठ हलवायचे. सात वाजताचा कार्यक्रम, पण साडेनऊला गाडीतून उतरायचे आणि दहा वाजले म्हणून चार गाण्यांत आटोपायचे. पिऊन मंचावर चढायचे. असल्यांना जुना मान म्हणून पोसण्याची काही गरज नाही. ज्यांनी पंचशील सांगायचे त्यांनीच ते मंडपात मोडायचे, हे खपवून घेऊ नये.

म्हणून सुपारी देण्याआधी मंडळाने चार गोष्टी साध्या कागदावर लिहून घ्याव्यात. एक, मूळ गायक स्वतः येणार आणि निदान अमुक इतकी गाणी स्वतः गाणार. दोन, वाद्ये आणि वादक सोबत असतील, गाणे समोर म्हटले जाईल. तीन, संध्याकाळी साडेसहाला सुरुवात होईल. मे महिन्यातली जयंती असेल तर रात्री 12 पर्यंतच्या सवलतीच्या दिवसांत आपली तारीख बहुधा नसते, तेव्हा 10 ची वेळ पाळावीच लागेल. चार, निर्व्यसनी राहून कार्यक्रम होईल. या चार अटींना जो खरा कलावंत आहे तो आनंदाने हो म्हणतो. जो आढेवेढे घेतो त्याचा निकाल तिथेच लागतो.

म्हणजे कसोटी काय ठरली? नाव आज किती मोठे आहे ही कसोटी नाही. आवाज किती चढतो हीही नाही. समोर बसलेल्या पन्नास माणसांना तो पन्नास हजारांइतकीच किंमत देतो का, ही कसोटी. ज्याचे नाव आज गाजते आहे त्यालाही हीच लावावी. कडूबाई खरात यांचेच पाहा. हातात एकतारी, ना मंच, ना पार्टी. दारोदार गाणारी ही माउली मोबाइलच्या चित्रफितींमुळे महाराष्ट्रभर पोहोचली. ज्यांनी तिला नाव होण्याआधी आपल्या दारात बसवून ऐकले त्यांचे काही कमी झाले नाही. नावाच्या आधी आणि नावाच्या नंतर गाणे असतेच. नाव हा मधला थोडा काळ.

आपणही त्यांना कॅसेट करून टाकतो

गायकाच्या चुका सांगितल्या, आता श्रोत्यांच्याही सांगितल्या पाहिजेत.

जुना गायक मंचावर आला की आपण चिठ्ठ्या पाठवू लागतो. सगळ्या चिठ्ठ्यांत एकच गाणे. त्याने ते म्हटले की पुन्हा तेच. त्याने नवे काही सुरू केले की मागून आवाज येतो, "ते नको, जुनं होऊ द्या." त्या माणसाने मधल्या वीस वर्षांत काय लिहिले, काय पाहिले, हे आपण विचारीत नाही. कंत्राटी कामगाराची पिळवणूक, बंद पडलेली शाळा, शेतमजुराची आत्महत्या, मुलीचे शिक्षण, यांवरची त्याची गाणी वहीत तशीच राहतात. मग आपणच घरी जाताना म्हणतो, "यांच्यात नवीन काही नाही." त्याला जुना करून ठेवतो आपण आणि वर दोष त्याला देतो.

तेव्हा एक नियम करावा. दोन जुनी गाणी आपल्या आवडीची मागावीत आणि दोन नवी त्याच्या आवडीची. आणि टाळी दोन्हींना द्यावी.

दुसरी गोष्ट, गावातल्या गाणाऱ्या पोरापोरींची. आपल्याकडे संगीताचे शिक्षण शाळेत कमी आणि मंडपात जास्त झाले आहे. पार्टी गावात आली, एखाद्या पोराला कोरसला बसवले, ठेका जमला म्हणून पुढच्या गावाला सोबत नेले, असे करत किती वादक आणि गायक तयार झाले. गाजणाऱ्या गायकाला असा वेळ नसतो, त्याची गाडी दुसऱ्या कार्यक्रमाला निघालेली असते. जुन्या गायकाला वेळ असतो. आडगावचा मुक्काम असल्याने सकाळची एस.टी. मिळेपर्यंत तो विहारातच थांबतो. त्या सकाळी दोन तास गावातल्या मुलांना त्याच्यापुढे बसवावे. हातात वही द्यावी. गाणे उतरवून घ्यावे, कवीचे नाव विचारून खाली लिहावे. मोबाइल आहेच, तर त्याच्या परवानगीने पूर्ण गाणे ध्वनिमुद्रित करावे, शेवटच्या कडव्यासह. रात्रीच्या कार्यक्रमाचा आनंद सकाळी संपतो. ती वही मात्र विहाराच्या कपाटात राहते.

पैशाची गोष्ट

आपली कुटुंबे हातावर पोट असणारी. वर्गणीच्या रुपयाचा हिशेब लागलाच पाहिजे. समजा, वस्तीत 60 घरे आहेत आणि घरटी 500 रुपये जमले. झाले 30,000. समजा, गायन पार्टीची बिदागी 20,000 ठरली. पार्टीत गायक, गायिका, पेटीवाला, ढोलकीवाला, बेंजोवाला आणि कोरसचे दोघे, अशी सात माणसे. गाडीभाडे 6,000 गेले. उरले 14,000, म्हणजे माणशी 2,000. येण्याचा एक दिवस आणि जाण्याचा एक. दिवसाला 1,000 रुपये. चांगल्या गवंड्याची मजुरी आणि ही बिदागी यांत फार अंतर राहत नाही. हा हिशेब पाहिला की "एवढे पैसे कशाला" म्हणणारा माणूस गप्प होतो. मजुरीसाठी झगडणाऱ्यांनी दुसऱ्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. ठरलेले पैसे कार्यक्रम संपताच पाकिटात घालून द्यावेत. "वर्गणी अजून यायची आहे" असे सांगून त्याला रित्या हाताने एस.टी.त बसवू नये. जेवणही एखाद्या घरी ताटावर बसवून द्यावे.

राहिले 10,000. त्यात मंडप, माईक आणि पोरांच्या निबंध-वक्तृत्वाची बक्षिसे बसवता येतात. काही ठिकाणी तरुणांना डी.जे. हवा असतो. त्यांचाही उत्साह मोडू नये. पण हिशेब त्यांच्यापुढे मांडावा आणि विचारावे की दुसऱ्या दिवशी आपल्याजवळ काय राहील. पोरे समजूतदार असतात, फक्त त्यांना बैठकीत बोलू दिले पाहिजे.

आणखी एक काम मंडळाला बिनपैशाचे करता येण्यासारखे आहे. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. 2024 मध्ये हे मानधन सर्वांना सरसकट दरमहा 5,000 रुपये झाले. पण अर्ज करताना कलाक्षेत्रातल्या कामाचे पुरावे लागतात. कार्यक्रमाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे. आयुष्यभर गावोगाव गाणाऱ्या माणसाजवळ नेमकी हीच कागदे नसतात. कोणी कधी दिलीच नाहीत. तेव्हा कार्यक्रमानंतर हार आणि नारळ यांबरोबर मंडळाच्या छापील कागदावर, तारीख, सही आणि शिक्का घालून एक प्रमाणपत्र द्यावे. पत्रिकेच्या दोन प्रती द्याव्यात. पार्टीतल्या ढोलकीवाल्यालाही वेगळे प्रमाणपत्र द्यावे, कारण त्याचे नाव पत्रिकेवर कधीच नसते. हार संध्याकाळपर्यंत सुकतो. हा कागद त्याच्या म्हातारपणी चूल पेटवील.

तेव्हा बैठकीत तो पोरगा पुन्हा उभा राहिला, तर त्याला दटावू नका. त्याला सांगा, तुझी चीड बरोबर आहे. उरलेले आपण घेणार नाही. कोणी फसवायला आला तर परत पाठवू. पण जो माणूस प्रामाणिकपणे आपल्यासमोर बसून गाणार आहे, तो उरलेला नाही. त्याचे नाव मोठे होते तेव्हा आपल्या गावाला रस्ता नव्हता, पैसा नव्हता, म्हणून तो आला नाही. आज रस्ता झाला आहे, आपल्याजवळ घरटी चार पैसे आहेत, आणि त्याच्याजवळ अजून गाणे आहे. ही गाठ उशिरा पडते आहे एवढेच. सुपारीचा कागद तूच लिही, चार अटी तूच घाल, आणि त्या दिवशी मंडपात पुढे बस.

आणि मायबहिणींनो, तुम्हीही त्या बैठकीला जा. गायन पार्टी कोणाची हे आजवर पुरुषांनीच ठरवले. ज्यांना दहा हातांवरून ऐकायचे आहे त्यांचे मत आधी विचारले पाहिजे. एखादी जुनी गायिका तुमच्या आठवणीत असेल, जिचे गाणे लावून तुम्ही जात्यावर नाही तरी मिक्सरपाशी उभ्या राहिला असाल, तिचे नाव सुचवा. गायिकांची नावे गायकांपेक्षा लवकर विसरली जातात. त्यांना बोलावणारे मंडळ शोधून सापडत नाही. ते तुमचे मंडळ होऊ द्या.

जयभीम!